पोतं हलकं करा

पाठशाळेत असताना अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार मी एका दमात म्हणून दाखवायची. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. म्हणजे बांधून घालणं, मारणं, अवयव कापणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं आणि खाण्यापिण्याला तोडणं. पंडितजी समजावून सांगताना प्रत्येक वेळी बैलाचंच उदाहरण द्यायचे. त्यामुळे आम्हा पोरींची समजूत अशी झाली की हे पाचही अतिचार गोठ्यातले आहेत. ज्याच्या दारात बैल नाही तो सुटला.

आमच्या दारात बैल नाही. भुसाराचं दुकान आहे. तेव्हा पन्नाशी गाठेपर्यंत मी आपली सुटलेलीच होते.

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातलं, सीमेवरचं. दुकानात धान्य निवडायला चार-पाच बायका येतात. त्यांतली एक सगळ्यांत जुनी. तिला सगळे अक्काच म्हणतात. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दशलक्षण पर्व चालू होतं, माझं एकासन होतं. मंदिरातून परत आले तर आभाळ भरून आलेलं. हमाल बाजाराच्या गाड्यांवर गेले होते आणि उडदाची पोती बाहेर पत्र्याखाली तशीच पडलेली. मीच म्हणाले, "अक्का, तेवढी पोती आत घे गं. पाऊस आला बघ."

अक्का आणि एक नवीन पोरगी, दोघी लागल्या. तीन पोती आत आली. चौथ्याला अक्का उलट्या पावलांनी येत होती. उंबऱ्याशी तिनं अंग वळवलं आणि "आई गं" म्हणून तिथंच बसली. पोतं पडलं, फुटलं, उडीद सांडले. खरं सांगते, माझी पहिली नजर उडदाकडे गेली.

पोतं ५० किलोचं. पुढे दवाखान्यात अक्काचं वजन केलं, ते ४४ किलो भरलं. मणक्यातली गादी सरकली होती, शीर दाबली जात होती. डाव्या पायात कळ उतरायची ती आजही उतरते. आम्ही औषधाचे पैसे दिले, कमरेचा पट्टा आणून दिला, दोन महिने धान्यही पाठवलं आणि आपलं कर्तव्य झालं असं मानलं. त्याच आठवड्यात पांजरपोळात चाऱ्यासाठी दिलेल्या देणगीबद्दल आमच्या घराचं नाव मंदिराच्या फलकावर लागलं होतं.

बायांनो, हे मी दुःख उगाळायला लिहीत नाही. भांडायला लिहिते आहे. आणि भांडण परक्यांशी नाही, आपल्याशी आहे.

अक्का पडल्यावर आमच्या घरात आणि आजूबाजूला मी तीन वाक्यं ऐकली. "त्यांना सवय असते." "तिनं नीट उचललं नाही." "पट्टा बांधला असता तर झालं नसतं." या तिन्ही वाक्यांत एक गंमत आहे. दोष बाईचा निघतो, पोत्याचा निघत नाही. पोतं ५० किलोचं का, हे कुणीच विचारत नाही. जणू ते देवाघरूनच ५० किलोचं शिवून येतं.

आपण व्यापाऱ्यांच्या घरच्या बायका. तराजू आपल्याला कळतो, तेव्हा तराजूच्या भाषेतच सांगते. आपण वाकून ओझं उचलतो तेव्हा कंबर हा तराजूचा काटा असतो. एका बाजूला हातातलं ओझं. दुसऱ्या बाजूला पाठीचे स्नायू, त्या ओझ्याला तोलून धरणारे. पण दांडी सारखी नाही. स्नायू मणक्यापासून जेमतेम पाच सेंटीमीटरवर, आणि ओझं हात पुढे केले की पन्नास सेंटीमीटरवर. म्हणजे दांडी एकीकडे दहापट लांब. वीस किलो तोलायला स्नायूंना दोनशे किलोचा जोर लावावा लागतो, आणि तो सगळा दाब कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांवर येतो. वाकलेल्या आपल्याच धडाचं वजन त्यात वेगळं. त्यात वळलं की गादी पिळली जाते. ज्या बाईला तीस वर्षांची सवय आहे, तिच्या गादीनं तीस वर्षं हा दाब सोसलेला असतो. सवयीनं स्नायू थोडे बळकट होत असतील, गादी मात्र झिजतच जाते.

अमेरिकेत कामाच्या जागेची सुरक्षितता आणि आरोग्य यांवर संशोधन करणारी नायॉश नावाची सरकारी संस्था आहे. १९९१ साली तिनं ओझं उचलण्याचं एक सूत्र सुधारून मांडलं. त्यात सुरुवातीचा आकडा २३ किलो आहे. तोही सगळं मनासारखं असेल तेव्हाचा. ओझं अंगालगत, कमरेच्या आसपासच्या उंचीवर, पकड चांगली, वळणं नाही, वरचेवर उचलणं नाही. यांतली एकेक गोष्ट बिघडली की आकडा उतरत जातो. ओझं पन्नास सेंटीमीटर दूर असेल तर निम्मा झाला, साडेअकरा. जमिनीवरून उचलायचं असेल तर नऊच्या खाली. त्यात ४५ अंश वळायचं असेल तर आठच्याही खाली. अक्का त्या दिवशी जमिनीवरून, अंगापासून दूर धरून, वळत, पाठोपाठ चौथं पोतं उचलत होती. तिच्या वाट्याला निम्मं पोतं धरलं तरी २५ किलो. आठाच्या जागी पंचवीस!

ब्रिटनमधल्या सरकारी मार्गदर्शनात तर बाईसाठी कमरेच्या उंचीवर, अंगालगत १६ किलो हा आकडा आहे. त्यापुढे गेलात तर थांबा, काम नीट तपासा, असं त्याचं म्हणणं. जमिनीलगत आणि हात लांब करून उचलायचं असेल तर तोच आकडा ३ किलोवर येतो. तीन किलो! आपण तेवढ्याला ओझं म्हणतसुद्धा नाही.

आणि पट्ट्याचं म्हणाल, तर नायॉशनंच १९९४ साली सांगून ठेवलं की धडधाकट कामगाराला इजेपासून वाचवायला पट्टा उपयोगी पडतो याला पुरेसा पुरावा नाही. नुसतं 'गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा' असं शिकवून कंबरदुखी टळते का, याच्याही तपासण्या झाल्या आहेत. एकट्या शिकवणीनं ती टळल्याचं दिसलं नाही. शिकवू नये असं मी म्हणत नाही. पण शिकवणीनं पन्नास किलोचे पंचवीस होत नाहीत. ओझं कमी केल्याशिवाय कंबर वाचत नाही.

आता कोणी म्हणेल, आपल्याकडे कायदा नाही का? आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात ३४ वं कलमच त्यासाठी होतं. इजा होईल एवढं जड ओझं कुणाला उचलायला लावू नये, आणि किती ते राज्यांनी ठरवावं. राज्यांनी ठरवलंही. बहुतेक ठिकाणी प्रौढ बाईला ३० किलो, पुरुषाला ५० ते ५५. आता तो कायदा नव्या संहितेत गेला आहे. जिनेव्याच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ साली ओझ्याच्या मर्यादेचा करार केला. पुरुषाला ५५ किलोपेक्षा जास्त नको आणि बाईला त्याहून पुष्कळ कमी, अशी त्या वेळची शिफारस. भारतानं तो करार २०१० साली मान्य केला. पण आमचं भुसाराचं दुकान कारखाना नाही. उसाचा फड कारखाना नाही. चार बायकांची पापडाची खोली कारखाना नाही. तिथं ओझं मोजायला कोण येणार?

सीमेपलीकडे महाराष्ट्रात माथाडी-हमालांसाठी १९६९ चा कायदा आहे. नोंदणी आहे, मंडळं आहेत. आमच्या इकडचा हमाल तीच मराठी बोलतो, तेच पोतं उचलतो, पण राज्य बदललं म्हणून त्याला तो कायदा लागू नाही. पोत्याला मात्र सीमा नाही. ते दोन्हीकडे ५० किलोचंच.

आता जनावरांचा कायदा ऐका. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्र सरकारनं नियम केले. पाठीवर किती वाहायचं ते किलोत लिहिलं आहे. लहान बैलाला १००, तट्टाला ७०, गाढवाला ५०. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही. सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही. पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपायचंच नाही. हे नियम झाले याचा मला आनंद आहे. आपल्या समाजानं जनावरांसाठी पिढ्यान्‌पिढ्या जी कळकळ दाखवली तिचा मला अभिमानही आहे. पण आमच्या उंबऱ्याशी पडलेलं पोतं ५० किलोचं होतं, कायद्यानं गाढवाच्या पाठीवर ठेवता येतं तेवढं. आणि गाढव ते जमिनीवरून स्वतः उचलत नाही.

मग मी पाठशाळेतली वही सोडून श्रावकाचाराची पुस्तकं काढून बसले. जे सापडलं त्यानं मला लाज वाटली. अतिभारारोपण बैलापुरतं आहे, ही पंडितजींची नव्हे, आमचीच सोय होती. जुन्या टीकाकारांनी माणसाच्या ओझ्याचा वेगळा विचार केला आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की दोन पायांच्या प्राण्याकडून तेवढंच ओझं वाहून घ्यावं जेवढं तो स्वतः उचलू शकतो आणि स्वतः उतरवू शकतो. चार पायांच्या जनावरावर योग्य ओझ्यापेक्षा थोडं कमीच घालावं, आणि नांगराला, गाडीला जुंपलेलं वेळेवर सोडावं.

स्वतः उचलू शकतो आणि स्वतः उतरवू शकतो! यापेक्षा सोपी कसोटी कुठली? आता ही कसोटी घेऊन बाजारात एक चक्कर मारा. हमालाच्या पाठीवर पोतं कोण ठेवतं? दुसरे दोघे. उसाच्या फडात बाईच्या डोक्यावर मोळी कोण चढवतं? तिचा नवरा किंवा जोडीदारीण. ज्या ओझ्याला चढवायला दुसरा लागतो, ते शास्त्राच्या हिशेबानं तिथंच अतिभार झालं. त्यासाठी नायॉशही नको आणि जिनेवाही नको.

आणि समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात तर अतिभाराला आणखी एका ठिकाणी बसवलं आहे. परिग्रहपरिमाणाच्या अतिचारांत. अतिवाहन, अतिसंग्रह, लोभ यांच्या पंगतीत अतिभारवहन. म्हणजे ओझं जास्त का लादलं जातं हेही त्यांना ठाऊक होतं. मनात वैर असतं म्हणून कोणी लादत नाही. एक फेरी वाचते म्हणून लादतं.

उसाचा विषय निघालाच आहे, तर तोही अर्धवट सोडत नाही. निपाणी, चिकोडी, पलीकडे कोल्हापूर, सांगली, हा सगळा आपल्या लोकांच्या उसाचा पट्टा. दिवाळी झाली की टोळ्या येतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. येण्याआधी मुकादमाकडून पैसे घेतलेले असतात, त्याला म्हणतात उचल. त्या उचलीपायी बाई सहा महिने उचलतच राहते. मागच्या हंगामात माहेरी गेले तेव्हा भावाच्या फडातली एक मोळी मी काट्यावर ठेवायला लावली. ३६ किलो. ती डोक्यावर घेऊन बाई फळीवरून ट्रकवर चढत होती. पहाटे थंडीत, फळी दवानं ओली, पायांत चप्पल नाही. भाऊ म्हणाला, "अगं अक्का, मी कुठं तिला कामाला ठेवलंय? टोळी कारखान्याची. मी नुसता ऊसवाला." कारखाना म्हणतो टोळी मुकादमाची. मुकादम म्हणतो बाई नवऱ्याबरोबर आली. असं करत करत ती मोळी कुणाचीच राहत नाही, फक्त तिच्या डोक्यावर राहते.

माझ्या म्हणण्याला उत्तरं मिळाली. तीही मांडते, कारण ती सगळीच खोटी नाहीत.

पहिलं उत्तर मजुरीचं. पोतं लहान केलं तर फेऱ्या वाढतात. टनावर पैसे घेणाऱ्याचा वेळ जातो, म्हणून त्यालाच मोठं पोतं हवं असतं. हे खरं आहे. आमच्या हमालांनीही सुरुवातीला कुरकुर केली. पण याचा अर्थ दर वाढवायला हवा असा होतो, कंबर मोडायला हवी असा नाही. पोट भरायला जो ५० किलो मागतो, त्याचा होकार हा होकार नव्हे.

दुसरं उत्तर मला जास्त टोचलं. एका मैत्रिणीनं विचारलं, "बाईला ३० आणि पुरुषाला ५० असं ठेवलंस, तर दुकानदार बाईला कामावर घेईल कशाला?" बरोबर आहे तिचं. बाईच्या नावानं केलेली मर्यादा बाईचीच रोजी घेऊन जाऊ शकते. म्हणून मी म्हणते, बाईची वेगळी मर्यादा सांगत बसू नका, पोतंच सगळ्यांसाठी हलकं करा. पुरुषाच्या मणक्यात काही लोखंड नसतं. चाळिशीत वाकून चालणारे हमाल आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. पोतं २५ चं झालं की तो एकटा सांभाळून उचलेल, आणि बायका दोघी मिळून उचलतील. तेही जमिनीवरून नव्हे, ओट्यावरून.

तिसरं उत्तर आमच्या ह्यांचं. "धंद्यात असं एकट्यानं करता येत नाही. सगळं पॅकिंग बाजार ठरवतो." हो, बाजारच ठरवतो. पण बाजार कुणाचं ऐकून ठरवतो? गुळाचंच बघा. पूर्वी सगळा गूळ ३० किलोच्या रव्यात यायचा. आता दहाचा येतो, पाचाचा येतो, एक किलोचा येतो. गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघराला लहान हवा होता, म्हणून साचे बदलले. कुणी म्हणालं नाही की परंपरा आहे, बदलता येत नाही. ब्रिटनमध्ये सिमेंटची पिशवी पूर्वी ५० किलोची होती, ती २५ ची झाली. घरं बांधायची थांबली का? पिशवीचं माप माणसांनी ठरवलेलं असतं आणि माणसंच ते बदलतात. गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी बदलतं, तर उचलणाऱ्याच्या कमरेसाठी का बदलू नये?

आता आपल्या हातात काय आहे? पुष्कळ आहे. दुकान पुरुषांच्या नावावर असलं तरी दुपारी गल्ल्यावर कोण बसतं ते आपल्याला ठाऊक आहे. जिथं आपल्या हातानं माल भरला जातो, शिवला जातो, तिथं २५ किलोच्या वर भरू नका. माल जमिनीवर ठेवू नका, कमरेइतका ओटा बांधा. चाकाची ढकलगाडी घ्या, आणि उंबरा आड येत असेल तर तिथं उतार करून घ्या. वळून ठेवायची जागा असेल तर पाऊल टाकून वळता येईल एवढी मोकळी ठेवा. निवडायला आलेल्या बाईला उचलायला सांगू नका. गरोदर बाईला, बाळंतीण होऊन नुकती आलेल्या बाईला तर अजिबात नाही. हमाल नसेल तर माल भिजू द्या. हो, भिजू द्या. उडीद वाळतात.

मंदिराच्या आणि मंडळाच्या कामातही हेच. पंचकल्याणकाच्या वेळी भोजनशाळेत भाताची पातेली दोन पोरी कानाला धरून उतरवतात, खाली विस्तव. पुण्यकार्य म्हणून मणक्याला सूट मिळत नाही. मोठी दोन पातेली करण्यापेक्षा लहान पाच करा.

आणि स्वतःच्या घरातही डोळे उघडा. भरलेलं गॅसचं सिलेंडर, आतला गॅस १४.२ किलो आणि लोखंड वेगळं, मिळून तीस किलोच्या आसपास जातं. ते आपण मोलकरणीला 'जरा आत सरकव' म्हणून सांगतो. नाहीतर नवरा येईपर्यंत धीर नाही म्हणून आपणच ओढतो. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना एकटी सून दिवसातून दहा वेळा उचलते, आणि तिची कंबर धरली की आपण तिला म्हणतो, आजकालच्या मुलींना सोसत नाही. आधी आपल्या घरातलं ओझं मोजायला शिकलो, तर दुसऱ्याच्या पाठीवरचंही दिसेल.

त्या वर्षी क्षमावाणीला मी नात्यागोत्यात सगळीकडे फिरले, फोन केले, हात जोडले. अक्काकडे मात्र गेले नाही. धीर झाला नाही. पुढच्या वर्षी गेले. ती भिंतीला टेकून बसली होती, पाय लांब करून. मी म्हणाले, "अक्का, कळत-नकळत झालं असेल ते माफ कर." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "वैनी, माफी काय मागतायसा. माझी सून येतीया आता तुमच्याकडं कामाला. तेवढं पोतं हलकं करा."

घरी आले आणि त्याच रात्री ह्यांच्याशी भांडले. आठ दिवस भांडण चाललं. पोत्यांचा, सुतळीचा, शिलाईचा वाढीव खर्च ह्यांनी कागदावर मांडून दाखवला. मी त्याच कागदाखाली अक्काच्या औषधांचा खर्च लिहिला आणि विचारलं, हा कुणाच्या खात्यावर टाकायचा?

आता अक्काची सून येते. आम्ही भरतो ते पोतं २५ किलोचं आहे, ओट्यावर असतं, दोघी मिळून उचलतात. मिलकडून येणारा माल अजून ५० च्याच पोत्यात येतो. हमाल तो अजून पाठीवरच घेतात, आणि चढवायला अजून दोघे लागतात. म्हणजे आमच्या दुकानातला अतिचार निम्माच मिटला आहे. उरलेल्या निम्म्यासाठी मी एकटी पुरी पडणार नाही. मिलला एका दुकानाचं पत्र गेलं तर ते टोपलीत जातं. पन्नास दुकानांचं गेलं तर पोत्याचं माप बदलतं. येत्या दशलक्षणाच्या आत, बायांनो, आपापल्या दुकानात आणि गोदामात जा, पोत्यावरचा आकडा वाचा, आणि ते पत्र लिहायला बसा.